मँगोस्टीन

मँगोस्टीन हे आग्नेय आशियातील एका सदाहरित, अतिशय संथ वाढणाऱ्या वृक्षाचे फळ. बाहेरून जांभळट-काळी, जाड साल आणि आत लसणाच्या गड्ड्यासारख्या मांडलेल्या शुभ्र पाकळ्या, असे त्याचे रूप असते. शास्त्रीय नाव गार्सिनिया मँगोस्टाना, कुल क्लुसिएसी. मराठी वाचकाला या फळाची ओळख सर्वांत सोपी होते ती रातांब्यावरून. कोकणात रातांबा आणि गोव्यात भिरंड म्हणून ओळखले जाणारे कोकमाचे फळ याच प्रजातीतले, गार्सिनिया इंडिका. दोन्ही झाडे साल कापली की पिवळा चीक गाळतात, दोघांची पाने जाड आणि तुकतुकीत असतात. रातांब्यात मात्र सालीला मान आहे. ती वाळवून आमसुले होतात, साखरेत मुरवून सरबत होते. मँगोस्टीनमध्ये सगळा मान गराला, साल कचऱ्यात. या फळाच्या आरोग्यगुणांबद्दल जे काही लिहिले आणि विकले जाते, त्यातले बहुतेक या टाकून दिलेल्या सालीबद्दलचे असते.

मूळस्थान मलाय द्वीपकल्प आणि आसपासची बेटे मानतात. हे झाड नेमके कशातून आले यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत बराच काळ वाद होता. गार्सिनिया मलाक्केन्सिस आणि गार्सिनिया होम्ब्रोनियाना या दोन रानटी जातींच्या संकरातून ते झाले, असे विसाव्या शतकाच्या अखेरीस बरेच जण मानत. नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी होम्ब्रोनियानाचा वाटा शंकास्पद ठरवला आहे आणि मलाक्केन्सिस हाच जवळचा पूर्वज असल्याकडे कल दिसतो. लागवड मात्र जुनी आहे. पंधराव्या शतकात चिनी आरमाराबरोबर जावाला गेलेल्या मा हुआन याने डाळिंबासारखे दिसणारे, आत पांढऱ्या गराचे तुकडे असलेले आंबटगोड फळ म्हणून त्याचे वर्णन करून ठेवले आहे. प्रजातीला गार्सिनिया हे नाव मिळाले ते लॉरां गार्सीन या वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञावरून. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असताना त्याने या झाडाचा अभ्यास केला होता, आणि १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने त्याचे नाव प्रजातीला देऊन टाकले.

या झाडाची सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे त्याचे पुनरुत्पादन. रातांब्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. रोपे लावली की त्यात किती नर निघतील याची धास्ती कोकणातल्या बागायतदाराला असतेच. मँगोस्टीनमध्ये लागवडीत दिसतात ती सगळी झाडे मादी. फुलात पुंकेसर असतात, पण ते खुरटलेले आणि वांझ. परागण होत नाही, फलन होत नाही, तरी फळ धरते आणि त्यात बीही तयार होते. हे बी आईच्याच पेशींतून बनलेले असते, म्हणजे बियांपासून उगवलेले रोप हे जवळजवळ कलमच. बियांपासूनची झाडेही आईसारखीच निघतात हा शेतकऱ्याचा फायदा. तोटा असा की निवड करायला फरकच फारसा मिळत नाही. आंब्याच्या जशा शेकडो जाती झाल्या, तशा मँगोस्टीनच्या झाल्या नाहीत, त्याचे कारण हेच.

ते बी टिकतही नाही. फळातून काढून वाळू दिले की काही दिवसांत मरते. ओलसर ठेवून किंवा फळातच राहू दिले तर काही आठवडे तग धरते. रोपाला मुळे कमी, मुळांना केसमुळे आणखी कमी, त्यामुळे लहान रोप जागेवरून हलवले की रुसते. पहिली काही वर्षे सावली लागते. बियांपासून वाढवलेले झाड फळाला यायला साधारण सात ते दहा वर्षे घेते, कधी त्याहून जास्त. कलम केल्यास काही वर्षे वाचतात, पण कलमाचे झाड ठेंगणे राहते आणि उत्पन्नही तुलनेने कमी येते. बाजारात या फळाची किंमत ऐकून कपाळावर आठ्या पडतात, तेव्हा हे दशकभराचे थांबणे हिशेबात धरायला हवे.

हवामानाच्या बाबतीतही झाड नाजूक मिजाशीचे. तापमान २५ ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, हवा दमट, पाऊस वर्षभर विभागलेला, जमीन ओल धरून ठेवणारी पण पाणी न साठवणारी, असे सगळे जमून यावे लागते. पारा पाच अंशांच्या खाली गेला तर झाड दगावते आणि चाळिशीला टेकला की वाढ थांबते. मात्र फुलोरा येण्यासाठी दोन-चार आठवड्यांची कोरडी उघडीप हवी असते. त्यानंतर पाणी मिळाले की कळ्या फुटतात. फुलापासून तोडणीपर्यंत साधारण शंभर ते एकशेवीस दिवस जातात. पूर्ण वाढलेले झाड चांगल्या हंगामात काहीशे ते हजारभर फळे देते, पुढच्या वर्षी तेच झाड हात आखडता घेते.

फळ चार ते सात सेंटीमीटर व्यासाचे, वरच्या बाजूला देठाशी हिरव्या जाड निदलांची (फुलाच्या बाहेरच्या हिरव्या दलांची) टोपी. फळ उलटे करून तळाशी पाहिले तर लहान फुलाच्या आकाराची चपटी खूण दिसते. ती मूळ फुलाची सुकलेली कुक्षी, म्हणजे परागकण झेलणारा भाग. त्या खुणेला जितक्या पाकळ्या तितक्याच आत गराच्या पाकळ्या निघतात. सहसा पाच ते सात, क्वचित चार किंवा आठ. इंडोनेशियात आणि मलेशियात यावर पैज लावण्याचा मुलांचा जुना खेळ आहे. ज्याला गुपित माहीत नाही तो हरतो. जाणते ग्राहक याच खुणेवरून फळ निवडतात, कारण पाकळ्या जास्त असल्या की त्या लहान असतात आणि त्यांत बी नसण्याची शक्यता वाढते. बी बहुधा सर्वांत मोठ्या एकदोन पाकळ्यांतच असते.

फळ कापायला सुरी लागत नाही, आणि सुरी वापरायची तर ती बेताने. दोन्ही तळहातांत धरून आडवे दाबले की साल चिरकते आणि टोपीसकट अर्धी साल वाटीसारखी निघून येते. आतली बाजू गडद तांबडी असते आणि तिचा रस कपड्याला लागला की डाग सहज जात नाही. आग्नेय आशियातल्या काही हॉटेलांत दुरियान हे उग्र वासाचे फळ वासापायी आणायला बंदी असते, तशी मँगोस्टीन चादरी-टॉवेलांच्या काळजीपायी. पिकलेल्या फळाची साल दाबल्यावर किंचित दबली पाहिजे. दगडासारखी कडक लागली तर फळ जुने झाले आहे किंवा तोडताना आपटले आहे असे समजावे. आपटलेल्या जागी साल लाकडासारखी टणक होते आणि आतला गर तपकिरी पडतो. म्हणून थायलंडमध्ये फळ झाडावरून खाली पाडत नाहीत. हापूस उतरवायच्या झेल्यासारखी पिशवी बांधलेल्या काठीने एकेक करून काढतात. ऐन तोडणीच्या दिवसांत जोराचा पाऊस झाला तर आणखी दोन दोष उद्भवतात. गर काचेसारखा पारदर्शक आणि करकरीत होतो, किंवा सालीतला पिवळा चीक फुटून गरावर उतरतो. हा चीक कडू असतो. बाहेरून फळ ठणठणीत दिसते, त्यामुळे पैसे मोजून घरी आणल्यावरच कळते.

चव हे या फळाचे खरे भांडवल. गोडीच्या बरोबरीने हलकी आंबट धार, तोंडात विरघळणारा मऊ गर, वास अगदी पुसट. थायलंडमध्ये दुरियानला फळांचा राजा आणि मँगोस्टीनला राणी म्हणतात. दुरियान उष्ण, मँगोस्टीन थंड, म्हणून एकावर दुसरे खावे असा तिथला पारंपरिक समज आहे. आपल्याकडच्या उष्ण-थंड कल्पनेशी तो सहज जुळतो. दोन्ही फळांचा हंगामही साधारण एकाच वेळी येतो. थायलंडच्या पूर्वेकडील चांथाबुरी भाग आणि दक्षिणेकडील नाखोन सी थम्मरात प्रांत या फळासाठी प्रसिद्ध आहेत. नाखोनमध्ये कच्चे, हिरवे फळ सोलून, कोरून, काडीला टोचून विकतात. ते पांढरे आणि करकरीत राहावे म्हणून सोलल्यासोलल्या पाण्यात सोडतात, नाहीतर चीक लागून काळे पडते. व्हिएतनाममध्ये कच्च्या मँगोस्टीनचे काप कोंबडीच्या मांसाबरोबर कोशिंबिरीत घालतात.

युरोपीयांनी या फळाच्या चवीचे कौतुक खूप केले, पण ते घरी नेता मात्र येईना. १८५५ मध्ये इंग्लंडमधल्या उष्णगृहात झाडाला फळे आली, तीही नवलाईपुरती. व्हिक्टोरिया राणीने ताजे मँगोस्टीन आणून देणाऱ्यास शंभर पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते, ही कथा आज जवळपास प्रत्येक लेखात सापडते. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही. डेव्हिड फेअरचाइल्ड या अमेरिकी वनस्पतिसंशोधकाच्या १९३० मधील लेखनातून ती पसरली. खुद्द अमेरिकेत फळमाशीच्या भीतीने आशियातले ताजे फळ आणायला दीर्घकाळ बंदी होती. २००७ मध्ये थायलंडहून विकिरण प्रक्रिया केलेली (किरणांचा मारा करून कीड निष्प्रभ केलेली) फळे येऊ देण्यात आली.

आता पोषणमूल्य. इंटरनेटवर सर्वत्र फिरणारा तक्ता असा: दर १०० ग्रॅममागे ७३ कॅलरी, कर्बोदके सुमारे १८ ग्रॅम, तंतू १.८ ग्रॅम, प्रथिने ०.४ ग्रॅम, क जीवनसत्त्व २.९ मिलिग्रॅम, पोटॅशियम ४८ मिलिग्रॅम, फोलेट ३१ मायक्रोग्रॅम. हे आकडे अमेरिकी कृषी खात्याचे आहेत आणि ते साखरेच्या पाकातल्या डबाबंद मँगोस्टीनचे आहेत, ताज्या फळाचे नव्हेत. ही तळटीप गाळूनच तक्ता पुढे पाठवला जातो. ताज्या गरातही क जीवनसत्त्व फार नसते. त्याच खात्याच्या नोंदीत पेरूत १०० ग्रॅममागे २२८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आहे, केळ्यात पोटॅशियम ३५८ मिलिग्रॅम. शिवाय फळाच्या वजनात गर जेमतेम चौथा हिस्सा ते तीस टक्के, म्हणजे किलोभर फळांतून अडीचशे-तीनशे ग्रॅमच खाण्याजोगा गर हाती येतो. पोषणासाठी कोणी मँगोस्टीन विकत घेत असेल तर पेरूवाल्याकडे परत जाणे शहाणपणाचे.

आरोग्यगुणांचा सगळा डोलारा उभा आहे तो झँथोन या संयुगवर्गावर. त्यातले मुख्य अल्फा-मँगोस्टिन. सालीतील मँगोस्टिन १८५५ मध्येच वेगळे करण्यात आले होते. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया या देशांत वाळलेल्या सालीचा काढा आमांश-अतिसारावर आणि सालीचा लेप जखमा व त्वचारोगांवर वापरण्याची परंपरा जुनी आहे. साल टॅनिनने भरलेली असल्याने तुरट असते, त्यामुळे या वापरात तथ्य असणे शक्य आहे. प्रयोगशाळेत अल्फा-मँगोस्टिनचे जंतुरोधक, दाहशामक, अँटिऑक्सिडंट आणि कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखणारे परिणाम दिसले आहेत. पण बशीतल्या पेशींवर जे घडते ते माणसाच्या शरीरात घडेलच असे नाही. हे संयुग पाण्यात फारसे विरघळत नाही आणि आतड्यातून रक्तात कमीच शोषले जाते. माणसांवरच्या चाचण्या थोड्या, लहान आणि अल्प मुदतीच्या आहेत. कोणत्याही आजारावर उपचार म्हणून हे फळ सिद्ध झालेले नाही. झँथोन मुख्यतः सालीत असतात, गरात त्यांचे प्रमाण अगदी अल्प.

बाजाराने एवढी वाट पाहिली नाही. अमेरिकेतील युटा राज्यात २००२ पासून सालीसकट दळलेल्या मँगोस्टीनचा रस साखळी विक्री पद्धतीने महागड्या बाटल्यांतून खपवला जाऊ लागला. रोग बरे करण्याच्या दाव्यांवरून तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये इशारापत्र धाडले. २००८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात, वर्षभर रोज असा रस पिणाऱ्या रुग्णाला रक्तात लॅक्टिक आम्ल धोकादायक पातळीपर्यंत वाढल्याची नोंद आली. एका रुग्णावरून नियम काढता येत नाही, पण ‘नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल’ या युक्तिवादाला ते उत्तर आहे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी सालीच्या अर्काच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. नुसते फळ खाण्यात निरोगी माणसाला धोका नाही. मधुमेही व्यक्तीने साखरेचा हिशेब इतर गोड फळांसारखाच ठेवावा. ‘गार्सिनिया’ नावाने वजन घटवण्यासाठी विकली जाणारी पूड हा आणखी वेगळा प्रकार. तिच्यात गार्सिनिया गमीगुट्टा म्हणजे दक्षिणेतल्या कुडमपुळी या आंबट फळाचा अर्क असतो आणि भर असतो तो हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लावर. हे आम्ल कोकमातही आहे. विक्रेते मात्र या तिन्ही फळांची चित्रे बिनदिक्कत एकाच डबीवर छापतात.

भारतात मँगोस्टीन ब्रिटिश काळात आले. निलगिरीच्या पायथ्याशी आणि उतारावर कल्लार व बर्लियार येथील सरकारी बागांत जुनी झाडे आहेत. केरळात त्रिशूर जिल्ह्यातील चालकुडीजवळचा परियारम हा भाग आज या फळासाठी ओळखला जातो. तिथे जायफळ आणि नारळाच्या बागांत ही झाडे मिश्रपीक म्हणून वाढवतात आणि हंगामात व्यापारी अख्ख्या झाडाचा सौदा करून जातात. कोकणात आणि गोव्याच्या कुळागरांत (नारळ-सुपारीच्या बागांत) हौशी बागायतदारांनी झाडे लावली आहेत, पण डिसेंबर ते मेपर्यंतचा कोरडा काळ इथली मोठी अडचण. नारळ-सुपारीच्या सावलीत, बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन आणि उन्हाळाभर पाणी देता आले तरच झाड तग धरते. मुंबई-पुण्याच्या बाजारात मिळणारे फळ बहुतांशी थायलंडहून किंवा केरळातून आलेले असते. घेताना टोपी हिरवी, साल किंचित दबणारी आणि सालीवर पिवळ्या चिकाचे सुकलेले थेंब कमीत कमी, एवढे पाहावे. सुमारे १३ अंशांना फळ दोन-तीन आठवडे टिकते. घरच्या फ्रिजच्या अधिक थंडीत साल लवकर कडक होते, म्हणून दोन-चार दिवसांत संपेल इतकेच आणावे.