कोल्हापूरहून बॉबस्लेजच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत उतरायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

कुरुंदवाडला वजन उचलणारी किंवा शंभर-दोनशे मीटर पळणारी पोरगी घरात असली की पालक विचारतात, "ह्या बर्फाच्या गाडीच्या खेळात आमच्या पोरीला कायतरी जमंल का?" जमेल. बॉबस्लेज म्हणजे बर्फाच्या उतरत्या ट्रॅकवर गाडी (स्लेज) ढकलत पळायचं, उडी मारून आत बसायचं आणि सगळ्यात कमी वेळात खाली पोचायचं. या खेळात बर्फात वाढलेल्याच मुली येतात असं नाही. २००२ ला सॉल्ट लेक सिटीत महिलांची बॉबस्लेज पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली. ते सुवर्ण जिंकणाऱ्या जोडीतली व्होनेटा फ्लॉवर्स मूळची धावणारी आणि लांब उडी मारणारी. २०१८ ला नायजेरियाचा महिला संघ उतरला, त्याची पायलट (पुढे बसून गाडी वळवणारी) सेऊन अदिगुन २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत धावली होती. सराव सुरू करताना त्यांच्याकडे खरा स्लेज नव्हता, लाकडी फळ्यांचा बनवलेला होता.

अडचण येते ती कागदांच्या क्रमात. तो चुकला तर अख्खा हंगाम जातो, म्हणून या लेखात त्याच्यावर जास्त भर आहे.

आधी भूमिका ठरवा

दोघींच्या स्लेजमध्ये पुढे पायलट, मागे ब्रेकवुमन. ब्रेकवुमनचं खरं काम सुरुवातीच्या ५० मीटरमध्ये असतं: ढकलायचं, उडी मारून आत बसायचं आणि शेवटी ब्रेक ओढायचा. तिच्याकडे वेग आणि ताकद दोन्ही लागतात. त्यामुळे चाचणीत छोट्या अंतराची धाव, जागेवरून लांब उडी आणि वजन उचलणं बघतात. पायलट तयार व्हायला मात्र वर्षं लागतात. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकपासून मोनोबॉब म्हणजे एकटीने ढकलून एकटीनेच चालवायचा प्रकार आला. त्यात सगळ्यांचे स्लेज एकाच प्रमाणित बनावटीचे असतात. जोडीदार शोधायची कटकट नाही आणि महागड्या स्लेजवाल्या देशांचा फायदाही कमी होतो. भारतासारख्या देशातल्या मुलीने हाच रस्ता धरावा, असं माझं मत आहे.

भारतात बॉबस्लेजचा बर्फाळ ट्रॅक नाही. ढकलण्याचा सराव शिवाजी विद्यापीठाच्या किंवा विभागीय क्रीडा संकुलाच्या मैदानावर करता येईल, पण गाडी चालवायला ऑस्ट्रियातलं इग्ल्स, जर्मनीतलं आल्टेनबर्ग, लॅटव्हियातलं सिगुल्डा किंवा अमेरिकेतलं लेक प्लॅसिड अशा ठिकाणीच जावं लागतं. नव्या चालकांसाठी प्रशिक्षण शिबिरं भरतात. तिथे आधी ट्रॅकच्या खालच्या टप्प्यावरून सोडतात आणि हात बसला की वर नेतात.

अर्ज कोण करतं?

खेळाडू स्वतः नाही. आंतरराष्ट्रीय बॉबस्लेज व स्केलेटन महासंघ (आयबीएसएफ, मुख्यालय लोझान) प्रवेशिका घेतो ती सदस्य असलेल्या राष्ट्रीय संघटनेकडूनच. म्हणून पहिलं काम संघटना तपासायचं. आयबीएसएफच्या संकेतस्थळावर सदस्य देशांची यादी असते, तिच्यात नाव आहे का ते स्वतः बघा. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता हा वेगळा प्रश्न आहे. ती नसली तर सरकारी मदत आणि नोकरीतल्या सवलतीला पुढे अडचण येते, म्हणून तेही लेखी विचारून घ्या. "निवड पक्की करून देतो, एवढे भरा" म्हणणारा भेटला तर पावती आणि संघटनेच्या लेटरहेडवरचं पत्र मागा. बहुतेक वेळा माणूस तिथंच गार पडतो.

संघटनेमार्फत खेळाडूचा परवाना निघतो, तो हंगामापुरता असतो. त्यासाठी भारतीय पासपोर्ट, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, अपघात विमा आणि उत्तेजकविरोधी नियम मान्य असल्याची सही तयार ठेवा. त्या सहीला हलकं घेऊ नका. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूचीच असते. वैद्याने दिलेली पुडी असो की जिममधल्या मित्राने दिलेला डबा, घेण्याआधी डॉक्टरला दाखवा. दमा वगैरेसाठी बंदी असलेलं औषध घ्यावंच लागत असेल तर नाडाकडे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे) उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज आधी करावा लागतो. बंदीची यादी दर १ जानेवारीला नवी लागू होते.

पासपोर्ट: नावावर लक्ष

कोल्हापुरात टपाल खात्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं. प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळला वर २,०००. त्यानंतर पोलीस पडताळणी. मुलगी १८ च्या आत असेल तर आई-वडिलांचं संमतीपत्र लागतं, आणि तो पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा ती १८ ची होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालतो; १५ ते १८ वयात दहा वर्षांचाही मागता येतो.

आपल्याकडची खरी गोम नावात असते. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर क्रम वेगळा. बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. लग्न झालं असेल तर आणखी एक नाव वाढलं. परवाना, विमा, विमानाचं तिकीट आणि प्रवेशिका या सगळ्यांवर पासपोर्टवरचंच नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. म्हणून आधार आधी दुरुस्त करा, पासपोर्ट नंतर काढा.

व्हिसा: ९० दिवसांचा हिशेब

ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंड, लॅटव्हिया, नॉर्वे, सगळे शेंगेनमध्ये, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात. एकाच व्हिसावर सगळीकडे फिरता येतं, पण कोणत्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवसच. १ नोव्हेंबरला उतरून सलग राहिलात तर २९ जानेवारीला नव्वदावा दिवस भरतो. फेब्रुवारीच्या शर्यती हातच्या गेल्या, आणि परत जाता येईल तोवर एप्रिल संपत आलेला असतो. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर ये-जा संगणकात नोंदवायला सुरुवात झाली आहे, तेव्हा शिक्का पुसट आला वगैरे सबबी विसरा.

उपाय दोन. मधले काही आठवडे लेक प्लॅसिड किंवा कॅनडातल्या व्हिस्लरला सराव ठेवायचा, त्यासाठी अमेरिका किंवा कॅनडाचा व्हिसा वेगळा. नाहीतर ज्या देशात मुख्य तळ आहे तिथला दीर्घ मुदतीचा व्हिसा. हे उन्हाळ्यातच ठरवा, कारण अमेरिकेच्या मुलाखतीला तारीख मिळायला वेळ लागतो.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्याच देशाकडे करायचा. शुल्क प्रौढांना ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी पासपोर्टची मुदत शिल्लक हवी. बोटांचे ठसे द्यायला पुण्याला किंवा मुंबईला स्वतः जावं लागतं. सोबत संघटनेचं पत्र, आयोजकांचं निमंत्रण, राहण्याची सोय आणि बँकेचे तपशील. पत्रात शर्यतीचं नाव, ट्रॅक, सरावाचे दिवस आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट हवं. "खेळाडूस शुभेच्छा" एवढ्यावर व्हिसा मिळत नाही.

खर्च आणि सरकारी कागद

१९५२ ला खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं. आता निदान मागायला जागा आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आर्थिक साहाय्याचा अर्ज जाण्याआधी द्या. निवडपत्र, स्पर्धेचं परिपत्रक, खर्चाचा अंदाज, आधीची प्रमाणपत्रं आणि पासबुकाची प्रत जोडा. स्लेज विकत घेण्याचा खर्च त्यात धरू नका. ट्रॅकवर भाड्याने मिळतो का ते आधी विचारा. हेल्मेट, बारीक खिळ्यांचे बूट आणि बर्फावर घासून भाजू नये म्हणून आत घालायचा बर्न व्हेस्ट मात्र स्वतःचा लागतो.

राज्याच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याआधी क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी होते. शासन निर्णयात कोणते खेळ आणि कोणत्या दर्जाच्या स्पर्धा धरल्या आहेत ते वाचून मगच त्यावर भिस्त ठेवा. प्रत्येक शर्यतीचा अधिकृत निकाल, सहभागाचं मूळ प्रमाणपत्र, बोर्डिंग पास आणि संघटनेचं पत्र एका फायलीत ठेवा. आणि प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका, मागे शेरा मारायला जागा राहत नाही.