७०० अब्ज डॉलर आणि मतदारांना मिळालेली उत्तरे : पार्श्वभूमी

सरकारपुढे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ पासून नोंदलेला आहे. मात्र आर्थिक संकटात लोकप्रतिनिधींनी त्या गाऱ्हाण्याला काय उत्तर द्यावे, हे कुठेही लिहिलेले नाही. महामंदीच्या काळात, १९३२ मध्ये, हजारो माजी सैनिक पहिल्या महायुद्धातील सेवेबद्दलचा आपला बोनस मुदतीआधी मिळावा म्हणून राजधानीत येऊन राहिले, तेव्हा प्रतिनिधिगृहाने (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने) त्यांचे विधेयक मंजूर केले आणि दोनच दिवसांनी सेनेटने (वरिष्ठ सभागृहाने) ते फेटाळले.

सप्टेंबर २००८ मध्ये बँकांची बुडीत होऊ घातलेली मालमत्ता विकत घेण्यासाठी ७०० अब्ज डॉलरचा प्रस्ताव आला. मूळ मसुदा जेमतेम तीन पानांचा होता आणि अर्थमंत्र्यांच्या निर्णयांचा कोणत्याही न्यायालयाला फेरविचार करता येणार नाही, असे कलम त्यात होते. लोकांचा संताप केवळ रकमेवर नव्हता, हे समजायला ते एक कलम पुरेसे आहे. दूरध्वनी आणि ईमेल यांचा इतका भडिमार झाला की प्रतिनिधिगृहाच्या संकेतस्थळाला तो पेलवेना. २९ सप्टेंबरला विधेयक २०५ विरुद्ध २२८ मतांनी पडले. निवडणूक पाच आठवड्यांवर होती. त्याच दिवशी अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळला.

चारच दिवसांत बाजूची मते ५८ ने वाढून विधेयक मंजूर झाले. पडझडीनंतर मतदारांचाच सूर बदलला, निवृत्तीच्या बचतीची काळजी ऐकू येऊ लागली, असे अनेक सदस्यांनी सांगितले. ते खोटे नसावे. पण दरम्यान सेनेटने तेच विधेयक करसवलती जोडून ४५१ पानांचे केले होते, आणि त्यात लहान मुलांच्या लाकडी बाणांवरील करमाफीही होती, याचा उल्लेख या खुलाशांत सहसा आढळत नाही.

सर्वाधिक घोळ झाला तो ‘बेलआउट’ (बुडणाऱ्या संस्थेला सरकारी पैशाने वाचवणे) या शब्दाचा. मतदारांच्या लेखी हे सरळसरळ बँकांना दिलेले दान होते, तर बाजूने मत देणारे त्याला ‘बचाव योजना’ म्हणत आणि हा खर्च नसून गुंतवणूक आहे, असे पटवून देत. तांत्रिकदृष्ट्या त्यांचे म्हणणे चूक नव्हते, कारण ७०० अब्ज ही खर्चाची नव्हे, तर परवानगीची कमाल मर्यादा होती, ती टप्प्याटप्प्याने खुली होणार होती आणि २०१० मध्ये ती ४७५ अब्जांवर आणली गेली. पण ज्या मालमत्ता-खरेदीचे कारण मतदारांना सांगितले होते, ती बाजूला ठेवून ऑक्टोबरच्या मध्यातच बँकांच्या भांडवलात थेट पैसा घालण्याचे ठरले. त्यामुळे मतदानापूर्वी दिलेले स्पष्टीकरण महिनाभरही टिकले नाही.

शिवाय ‘बँक वाचली, माझ्या घराचे काय?’ या प्रश्नाला त्या कायद्यात ठोस उत्तर नव्हते. राहत्या घराच्या कर्जाच्या अटी दिवाळखोरी न्यायालयाला बदलता याव्यात, ही तरतूद २००९ मध्ये प्रतिनिधिगृहाने मान्य केली, तर सेनेटमध्ये ती ४५ विरुद्ध ५१ मतांनी अडली. मे २०१० मध्ये युटा राज्यातील एका ज्येष्ठ सेनेटरना त्यांच्याच पक्षाच्या राज्य अधिवेशनातील प्रतिनिधींनी पुन्हा उमेदवारी नाकारली; त्यांच्यावरील प्रमुख आक्षेपांत २००८ चे ते होकारार्थी मत होते.