गराज सेल आणि इस्टेट सेल: अमेरिकेतल्या वस्त्यांमधले गावोगावचे नियम

गराज सेल म्हणजे राहत्या घराच्या गराजमध्ये, ड्राइव्हवेवर (रस्त्यापासून गराजपर्यंतच्या गाडीच्या वाटेवर) नाहीतर समोरच्या लॉनवर टेबलं मांडून घरातलं जुनं सामान विकणं. इस्टेट सेल म्हणजे घरातलं माणूस गेल्यावर, किंवा म्हातारपणी मोठं घर सोडून लहान घरात जाताना, अख्ख्या घरातलं सामान चमच्यांपासून कपाटांपर्यंत त्याच घरात विकून टाकणं. अमेरिकेत हे दोन्ही इतकं रोजचं आहे की उन्हाळ्यात शनिवारी सकाळी कुठल्याही उपनगरातून गाडी नेली तर दोन-चार तरी दिसतातच. नवीन आलेल्या माणसाला साहजिकच वाटतं की आपलं घर, आपलं सामान, मग परवानगी कसली. पण परवानगी लागते, म्हणजे बऱ्याच गावांत लागते, आणि कुठे काय लागतं हे त्या त्या गावावर आहे.

नावं बरीच आहेत. यार्ड सेल आणि गराज सेल यात फरक फक्त टेबल कुठे मांडलं एवढाच. कनेक्टिकटकडे टॅग सेल म्हणतात कारण प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावलेली असते, विस्कॉन्सिनकडे रमेज सेल हा शब्द चालतो आणि तो मूळचा जहाजांच्या मालावरून आलाय, कोणी सोडवून न नेलेला माल धक्क्यावर विकायचे त्यावरून. घर बदलताना किंवा देश सोडताना करतात तो मूव्हिंग सेल. नियमांच्या दृष्टीने हे सगळे बहुतेक ठिकाणी एकच, इस्टेट सेलचं मात्र काही ठिकाणी वेगळं कलम असतं.

आपल्याकडे जुनं सामान घराबाहेर काढायचे रस्ते वेगळे. दारावर बोहारीण यायची, कपडे घेऊन भांडं द्यायची, रद्दीवाला आणि भंगारवाला यायचा, आणि पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार होताच. म्हणजे विकत घेणारा फिरायचा किंवा बाजार ठरलेल्या जागी भरायचा. इथे घरच दोन दिवसांसाठी दुकान होतं, आणि सगळ्या नियमांचं मूळ नेमकं इथे आहे.

नियम आले कुठून

अमेरिकेतली गावं झोनिंगने बांधलेली आहेत. राहायची वस्ती एकीकडे, दुकानं दुसरीकडे, कारखाने तिसरीकडे. १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड गावाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने गावाला अशी वाटणी करायचा अधिकार आहे असं मान्य केलं आणि तेव्हापासून रहिवासी झोनमध्ये दुकान उघडता येत नाही हे जवळपास गृहीतच धरलं जातं. आता या हिशोबाने गराज सेलसुद्धा दुकानच झालं की, म्हणून गावं त्याला सूट देतात, आणि सूट म्हटली की अटी आल्या. वर्षात किती वेळा, किती दिवस, किती वाजेपर्यंत, कोणाचं सामान, या सगळ्या अटींच्या मागे प्रश्न एकच असतो, हे अजून घर आहे का इथे धंदा सुरू झालाय. हे एकदा लक्षात आलं की गावाचा ऑर्डिनन्स, म्हणजे गावाने केलेला स्थानिक कायदा, वाचायला अवघड जात नाही, आणि तो शेजाऱ्याने मागे लावलेली कटकट आहे असंही वाटत नाही. नियम आहेत म्हणूनच वस्तीत हे सेल टिकून आहेत, नाहीतर दर शनिवारी घाऊक माल आणून विकणाऱ्या एकाच घरामुळे अख्ख्या गावात बंदी आली असती.

देशपातळीवर परमिट असं काही नाही. नियम करतं ते सिटी, टाउनशिप, बरो किंवा व्हिलेज, आणि कुठल्याच गावात न मोडणाऱ्या भागात काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. एकट्या न्यू जर्सीत ५६४ म्युनिसिपालिट्या आहेत. आपल्या मराठी मंडळींच्या ओळखीचं उदाहरण द्यायचं तर एडिसन आणि मेटचन. मेटचन बरो चारी बाजूंनी एडिसन टाउनशिपने वेढलेलं आहे, रस्ता ओलांडला की गाव बदललं, क्लार्क (गावाची कागदपत्रं आणि नोंदी सांभाळणारा अधिकारी) बदलला आणि नियमांचं पुस्तकही बदललं. म्हणून एडिसनमधल्या मित्राने सांगितलेली फी आणि दिवस मेटचनमध्ये चालतीलच असं नाही, आणि हीच चूक लोक सगळ्यात जास्त करतात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारतात आणि दुसऱ्याच गावचं उत्तर घेऊन मोकळे होतात. गावाची वेबसाइट उघडायची, म्युनिसिपल कोडमध्ये गराज सेल शोधायचं (बऱ्याच गावांचा कोड म्युनिकोड किंवा ईकोड३६० या वेबसाइटवर असतो), नाहीच सापडलं तर टाउनशिप क्लार्कला फोन करायचा, पाच मिनिटांचं काम आहे.

ऑर्डिनन्समध्ये साधारण काय असतं

तपशील बदलले तरी साचा एकच. वर्षाला दोन ते चार सेल, एका वेळी सलग दोन किंवा तीन दिवस, सकाळी आठ-नऊ ते संध्याकाळी पाच-सहा. परमिट असेल तर फी पाच-दहा डॉलरपासून वीस-पंचवीसपर्यंत, काही गावांत फुकट पण नोंद हवीच, आणि काही गावांत काहीच लागत नाही. शिकागोत परमिट फुकट मिळतं पण ते आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाच्या ऑफिसातून घ्यावं लागतं. पावसाने सेल वाहून गेला तर दुसरी तारीख मिळते का, हे फॉर्म भरतानाच विचारून ठेवावं, बरीच गावं रेन डेट देतात.

सामान स्वतःच्या घरातलं आणि वापरलेलं हवं. घाऊक बाजारातून नवीन माल आणून इथे मांडला की तो धंदा झाला. दोन-चार घरांनी मिळून एकाच ड्राइव्हवेवर सेल करायला बरीच गावं परवानगी देतात, काही ठिकाणी प्रत्येक घराचा एक सेल त्यात खर्ची पडतो. फुटपाथवर टेबल मांडायचं नाही, कारण तो सार्वजनिक रस्त्याचा भाग, आणि फायर हायड्रंटसमोर गाड्या लागू द्यायच्या नाहीत. गिऱ्हाईक आपलं, तेव्हा त्याच्या गाडीने शेजाऱ्याचा ड्राइव्हवे अडला तरी तक्रार आपल्याच नावाने जाते.

या सगळ्याच्या वर एचओए, म्हणजे कॉलनीतल्या घरमालकांची असोसिएशन. टाउनहाउस किंवा प्लॅन्ड कॉलनीत घर असेल तर गावाने हो म्हटलं तरी असोसिएशन नाही म्हणू शकते, कारण घर घेताना त्यांच्या अटींवर आपणच सही केलेली असते. बऱ्याच असोसिएशन एकेकट्याला सेल करू देत नाहीत, वर्षातून एक-दोनदा सगळ्या कॉलनीचा मिळून ठेवतात, आणि खरं सांगायचं तर तो जास्त चांगला चालतो, एका फेरीत चाळीस घरं बघायला मिळणार म्हटलं की लोक लांबून येतात. याचंच सगळ्यात मोठं रूप म्हणजे हायवे १२७ चा यार्ड सेल. १९८७ साली टेनेसीतल्या फेन्ट्रेस काउंटीतून सुरू झाला, आज मिशिगनपासून अलाबामापर्यंत सहा राज्यांतून सुमारे ६९० मैल पसरतो, दर वर्षी ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारपासून रविवारपर्यंत.

पाट्या

दंड होतो तो बहुतेक पाट्यांवरून. विजेच्या खांबावर पाटी ठोकायची नाही, हा नियम जवळजवळ सगळीकडे आहे आणि त्यामागचं कारण कळलं की पुन्हा कोणी ठोकणार नाही: खांबावर चढणाऱ्या लाइनमनचे रबरी हातमोजे उरलेल्या खिळ्यांनी आणि स्टेपलच्या पिनांनी फाटतात, आणि विजेपासून वाचायला त्याच्याकडे तेच असतात. ट्रॅफिक सिग्नलच्या आणि स्टॉप साइनच्या खांबालाही मनाई. दुसऱ्याच्या लॉनवर लावायची तर विचारून. मेलबॉक्समध्ये पत्रकं टाकायची नाहीत, टपालाचं तिकीट न लावलेला कागद मेलबॉक्समध्ये टाकणं हा फेडरल कायद्याने गुन्हा आहे, गावाचा त्यात संबंधच नाही.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने भारतात परत जाण्याआधी सेल ठेवला, परमिट घेतलं, सगळं रीतसर, आणि कोपऱ्यावरच्या खांबावर दोन पाट्या चिकटवल्या. सोमवारी त्यांची आवराआवर चालली होती तेव्हा टाउनशिपचा माणूस त्याच दोन पाट्या हातात घेऊन दारात उभा, आणि सोबत दंडाचं तिकीट. पत्ता पाटीवरच मोठ्या अक्षरात लिहिलेला होता, शोधायला त्याला काहीच त्रास पडला नाही. सेलमधली कमाई त्या तिकिटात निम्मी गेली.

गावाने मात्र पाट्यांवर हवे ते नियम करावेत असंही नाही. १९७७ मध्ये न्यू जर्सीतल्याच विलिंगबरो टाउनशिपने घरांसमोर घर विकायचंय असं सांगणाऱ्या फॉर सेलच्या पाट्या लावायला घातलेली बंदी सुप्रीम कोर्टाने रद्द केली. २०१५ मध्ये ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावाच्या केसमध्ये कोर्टाने सांगितलं की पाटीवर काय लिहिलंय ते बघून वेगवेगळे नियम लावता येणार नाहीत, राजकीय पाटीला मोठा आकार आणि चर्चच्या पाटीला छोटा असं चालणार नाही. त्यानंतर बऱ्याच गावांनी आपले पाट्यांचे नियम नव्याने लिहिले. पाटी किती मोठी, कुठे आणि किती दिवस, एवढं गाव अजूनही ठरवू शकतं.

काय विकायचं नाही

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक सगळ्यात कमी लक्ष देतात तो हाच. रिकॉल झालेली, म्हणजे धोका आढळल्यामुळे बाजारातून परत मागवलेली वस्तू विकणं २००८ च्या कायद्याने बेकायदेशीर आहे आणि त्यात घरासमोरचं टेबलही येतं. लहान बाळाची क्रिब (कठड्याचा छोटा पलंग), जिची एक बाजू खाली सरकते, ती २८ जून २०११ पासून बनवायला आणि विकायला बंदी, कारण त्यात अडकून बाळं दगावली. आपल्यात पहिल्या बाळाची क्रिब जपून ठेवायची आणि पुढे कोणाला तरी द्यायची पद्धत आहे, भावना चांगली आहे पण अशी क्रिब मोडूनच टाकावी, फुकटही देऊ नये. कार सीटवर एक्सपायरीची तारीख छापलेली असते ती बघावी, आणि अपघातात सापडलेली सीट विकू नये. न्यू जर्सीत २०१४ च्या कायद्याने हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे, तेव्हा आजीची हस्तिदंती डबी टेबलावर मांडायची नाही. उरलेली औषधं आणि बाटलीतली दारू, तीही नाही.

भारतातून आणलेल्या पुस्तकांबद्दल लोक अजून विचारतात. स्वस्त आशियाई आवृत्तीची टेक्स्टबुकं अमेरिकेत विकली म्हणून सुपाप किर्तसेंग या थाई विद्यार्थ्यावर वाइली प्रकाशनाने केस केली होती, ती सुप्रीम कोर्टात गेली आणि २०१३ मध्ये सहा विरुद्ध तीन अशा निकालात तो जिंकला. कायदेशीररीत्या छापलेली आणि विकत घेतलेली प्रत परदेशातली असली तरी पुढे विकता येते. इंजिनिअरिंगची पुस्तकं सुटकेसमधून घेऊन आलेल्या आपल्या मुलांसाठी हा निकाल फार मोठा.

टॅक्सचं थोडक्यात. वस्तू घेतल्या किमतीपेक्षा कमीत विकली की त्यावर इन्कम टॅक्स नाही, आणि झालेला तोटाही दाखवता येत नाही. सेल्स टॅक्स राज्याप्रमाणे: कॅलिफोर्नियात १२ महिन्यांत दोन सेलपर्यंत सेलर्स परमिट (राज्याचा विक्रेत्याचा परवाना) लागत नाही, तिसऱ्यापासून लागतं. टेक्ससमध्ये घरगुती सामानाची विक्री वर्षाला ३,००० डॉलरपर्यंत सुटते. न्यूयॉर्कमध्ये वर्षात तीन दिवसांपर्यंत आणि ६०० डॉलरपर्यंत.

इस्टेट सेल

गराज सेलमध्ये नको ते बाहेर येतं, इस्टेट सेलमध्ये लोक घरात शिरतात. स्वयंपाकघरातले खण उघडे, कपाटात हँगरवर कोट, मसाल्याच्या बाटल्यांवर गेलेल्या बाईच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, आणि अनोळखी माणसं त्यातून वाट काढत किमती बघतायत. पहिल्यांदा बघताना पोटात कालवतं. म्हणूनच इथे पहिला प्रश्न गावाच्या परमिटचा नसतो, विकायचा हक्क कोणाचा हा असतो. मृत्युपत्र असेल तर एक्झिक्युटरचा, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे व्यवस्था लावायला नेमलेल्या माणसाचा, आणि त्यालाही कोर्टाकडून तसं पत्र मिळाल्यावरच. न्यू जर्सीत हे काम काउंटीच्या सरोगेट नावाच्या अधिकाऱ्याकडे चालतं आणि मृत्यूनंतर १० दिवस उलटल्याशिवाय मृत्युपत्र प्रोबेटला, म्हणजे कायदेशीर मान्यतेला, घेत नाहीत, दहावा होईपर्यंत सामानाला हात लावायचा नाही असं मानणाऱ्या आपल्या लोकांना ते परकं वाटणार नाही. त्याआधी मुलांपैकी कोणी एकाने सामान विकून टाकलं तर भावंडांत जे वाजतं ते पुढे वर्षानुवर्षं पुरतं.

सेल बहुतेक वेळा कंपनी चालवते, विक्रीच्या साधारण एक तृतीयांश किंवा जास्त कमिशन घेते, किमती लावते, कॅशला बसते. पहाटेपासून लोक रांगेत, हातात नंबरच्या चिठ्ठ्या, एका वेळी वीस-पंचवीस जणच आत, पहिल्या दिवशी पूर्ण किंमत आणि शेवटच्या दिवशी निम्मी. गल्लीत पन्नास गाड्या लागतात, म्हणून काही गावं इस्टेट सेलला वेगळं परमिट, कंपनीचं लायसन्स, पार्किंग एकाच बाजूला अशा अटी घालतात. बोली लावून विकायचं तर तो लिलाव, त्याचं लायसन्स बऱ्याच राज्यांत वेगळं. कंपनीशी करार करताना परमिट कोण काढणार आणि उरलेल्या सामानाचं काय करणार हे लिहून घ्यावं. कपाटात बंदूक सापडली तर ती टेबलावर येता कामा नये, लायसन्स असलेल्या डीलरमार्फतच तिची व्यवस्था लावायची.

परत जाणाऱ्यांचे सेल

भारतात कायमचे परत जाणाऱ्या मराठी घरांचे मूव्हिंग सेल हा आता एक वेगळाच प्रकार झालाय. इथली उपकरणं १२० व्होल्टची, तिकडे २३० व्होल्ट, म्हणून मिक्सर, राइस कुकर, टोस्टर, इस्त्री सगळं मागे ठेवावं लागतं. इथल्या व्होल्टेजवर चालणारा आपला मिक्सर-ग्राइंडर तर टेबलावर मांडण्याआधीच व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो, शिवाय पोळपाट-लाटणं, इडलीचे साचे, गणपतीच्या मखराचं सामान. किंमत सांगताना समोरची ताई ओळखीची निघते आणि शेवटी कुकर तसाच दिला जातो. ग्रुपवर विकलं म्हणून परमिट लागत नाही असं मात्र समजू नये, शनिवारी वीस माणसं ड्राइव्हवेवर आली तर गावाच्या लेखी तो गराज सेलच.

रविवारी संध्याकाळी टेबलं आत घ्यायची, पाट्या उतरवायच्या (चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत, बहुतेक ऑर्डिनन्समध्ये), आणि उरलेलं सामान फ्रीचा कागद लावून फुटपाथपाशी दिवसेंदिवस सोडायचं नाही, त्याचाही दंड असतो. गादी-सोफ्यासाठी गावाच्या बल्क पिकअपची (मोठं टाकाऊ सामान उचलून नेण्याची) तारीख सेलच्या आधीच घेऊन ठेवावी, कारण काही ठिकाणी ती मिळायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तोवर विमानाचा दिवस येऊन ठेपतो.