कुंभारणीचा जमाखर्च

पावसानं जरा उघडीप दिली की कोल्हापुरातल्या जुन्या घरांत एक ठरलेली तक्रार सुरू होते. ट्यूबलाइटच्या पट्टीमागं, देवांच्या तसबिरींच्या पाठीला कुणीतरी चिखल थापून ठेवलेला असतो. हे काम कुंभारणीचं. काळी माशी, पायांवर पिवळे पट्टे, कमरेचा नुसता दोरा. शास्त्रात हिच्या कुळीला स्केलिफ्रॉन म्हणतात. ती सहसा कुणाच्या वाटेला जात नाही, त्यामुळे झाडू उचलण्याआधी तिचं काम बघत बसायला हरकत नाही.

रंकाळ्याच्या काठावर किंवा मोरीबाहेरच्या ओलीवर ती दिसते. डोकं खाली, पोट वर, पंख सारखे फडफडते. जबड्यानं चिखल खरवडून ती ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी करते आणि भिंतीकडे उडते. गोळी थापताना बारीक, चढा गुंजारव ऐकू येतो. अंगाच्या त्या कंपनानं चिखल सैल होतो आणि पातळ पसरतो. संतवाङ्मयातला भृंग आणि कीटकाचा दृष्टांत याच गुणगुणीवर उभा आहे: माशी अळीला घरात कोंडते, बाहेरून गुंजन करते आणि त्या ध्यासानं अळीची माशी होते. दृष्टांत म्हणून सुंदरच. आतला व्यवहार मात्र निराळा आहे.

दिवाळीच्या रंगकामात खरवडून निघालेला असा एक गोळा मी फोडून पाहिला होता. आत शेजारी शेजारी लांबट खोल्या. एकीत कागदासारखा तपकिरी कोष होता. दुसरीत कोळी ठासून भरलेले, पाय दुमडलेले, पण अंग अजून मऊ. त्यातल्या एकाच्या पोटावर किंचित वाकलेलं पांढरं अंडं चिकटलेलं. माशी कोळ्याला नांगी मारून लुळा करते. तो हलत नाही, पण लगेच सडतही नाही. अंड्यातून निघालेली अळी हा ताजा शिधा संपवते, कोष विणते आणि शेवटी माशी होऊन चिखल कुरतडून बाहेर पडते. तिची आईशी गाठ पडत नाही.

एका खोलीसाठी मातीच्या कित्येक फेऱ्या लागतात. कोळी लहान असतील तर ते डझनाहून जास्त लागतात, आणि प्रत्येक कोळी शोधून, झटापट करून आणावा लागतो. हा खर्च मोजायचा कशात? उत्क्रांतीचे अभ्यासक रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1972 मध्ये त्याचं नेमकं माप दिलं: एका पिल्लाला जगवायला जे खर्ची पडतं, त्यापायी पुढच्या पिल्लांसाठी जेवढं कमी उरतं, तेवढी त्या संगोपनाची किंमत. म्हणजे कुंभारणीचं चलन कोळी नव्हे, चिखलही नव्हे. ते आहे तिची पुढची खोली.

यात मुलगा-मुलगी हा भेदही येतो. अंडं फलित केलं तर मादी, न केलं तर नर, आणि हे माशीच्या हातात असतं. माद्या अंगानं मोठ्या, त्यामुळे त्यांना शिधाही जास्त लागतो.

आणखी एक खर्च पटकन ध्यानात येत नाही, तो गैरहजेरीचा. ती शिकारीला गेली की खोली उघडी पडते. काही परजीवी माश्या तेवढ्यात आपली संतती आत सोडतात. स्टिल्बम नावाची, निळ्या-हिरव्या धातूसारखी लखलखणारी माशी तर बंद खोलीही पोखरून आत अंडं घालते. मग कुंभारणीचे सगळे कष्ट दुसऱ्याच्या पोरासाठी.

खर्च किती झाला हे माशीला कळतं का? 1980 मध्ये रिचर्ड डॉकिन्स आणि जेन ब्रॉकमन या जीवशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या स्फेक्स माशीबद्दल हाच प्रश्न विचारला. ही बीळ खणून त्यात लुळे केलेले नाकतोड्यासारखे किडे साठवते. कधी कधी दोन माद्या नकळत एकच बीळ भरत राहतात आणि एक दिवस समोरासमोर येतात. मग मारामारी. बिळात एकूण माल किती यावर लढाईची चिकाटी ठरावी, असं आपल्याला वाटेल. पण जी ती किती वेळ लढते, हे तिनं स्वतः किती किडे आणले होते त्यावर ठरत होतं. बोअरला पाणी लागेना, तरी एवढे पैसे घातलेत म्हणून आणखी पन्नास फूट मारायला सांगणाऱ्या शेतकऱ्यासारखंच हे. तरी तिला वेडी ठरवायची घाई नको. अंधाऱ्या बिळातला सगळा माल मोजणं कदाचित तिला परवडतच नसेल. स्वतःच्या फेऱ्यांचा अंदाज तेवढा जवळ असतो.

सगळ्यात मोठा तोटा मात्र आई मध्येच मेली तर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया या गांधीलमाशीत हा प्रश्न उलगडला. तिचं कागदी घर उघडं असतं आणि अळ्यांना वरचेवर भरवावं लागतं. अंड्यापासून माशी व्हायला सुमारे दोन महिने लागतात, आणि मादीचं आयुष्य सरासरी त्याच्या निम्मंही नसतं. एकटीनं संसार मांडला तर बहुतेक वेळा तो अर्ध्यावर मोडणार. बहिणींच्या गोतावळ्यात राहिली तर तिनं अर्ध्यावर सोडलेली अळी दुसरी कुणीतरी वाढवते, केलेलं फुकट जात नाही. माश्यांना एकत्र राहण्याची गोडी लागली त्यामागं हेही एक कारण असल्याचं गदगकरांनी 1990 मध्ये मांडलं.

कुंभारीण एकटी राहूनही तगली, ती माझ्या मते तिच्या बंद खोल्यांमुळे. शिधा भरून तोंड लिंपलं की त्या पिल्लापुरता हिशेब मिटला. ती उद्या एखाद्या पक्ष्याच्या तोंडी गेली तरी वाया जाते ती फक्त चालू खोली. तेव्हा माशी दिसत नाही म्हणून घर रिकामं आहे असं धरू नका. चिखलाला गोल भोकं पडली असतील, तरच त्या खोल्यांतली पोरं उडून गेली समजायचं.