एपिस्कोपल चर्चमध्ये उपासनेची सेवा : पात्रता, कागदपत्रं आणि परवाना

पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरकडचं सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं) कुटुंब अमेरिकेत गेलं की जवळच्या एपिस्कोपल चर्चमध्ये, म्हणजे अँग्लिकन परिवारातल्या तिथल्या चर्चमध्ये, त्याला फारसं परकं वाटत नाही. उपासनेचा क्रम ओळखीचा असतो आणि दोन्ही चर्चमध्ये पूर्ण सहभागिता आहे, म्हणजे ती एकमेकांचे संस्कार आणि पाळक मान्य करतात. तरीही अनेक जण वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून राहतात. सेवेसाठी मोठी परवानगी लागत असेल, असं त्यांना वाटतं. बहुतेक कामांना ती लागतच नाही.

दारात स्वागत करणं, दान गोळा करणं, वेदीची तयारी, मेणबत्ती आणि क्रूस घेऊन चालणं, शास्त्रपाठ म्हणजे बायबलमधला उतारा वाचणं, यासाठी रेक्टरना म्हणजे पाळकसाहेबांना भेटा किंवा चर्चच्या ऑफिसात नाव द्या. काम ते शिकवतात. मग महिन्याच्या यादीत तुमचं नाव लागतं.

मी सुरुवात शास्त्रपाठापासून करायला सांगेन. कोणत्या रविवारी कोणता उतारा, हे तीन वर्षांच्या पाठक्रमात आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे घरी सराव करता येतो. नावांचा सराव मात्र हवाच. आपला यशया तिथे ‘आयझाया’ होतो, यिर्मया ‘जेरेमाया’ आणि यहेज्केल ‘इझीकिएल’. उच्चारांपायी मागे राहू नका, सावकाश वाचलेलं सगळ्यांना समजतं. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारसाच्या) उपासनेत शुभवर्तमान डीकन किंवा प्रीस्ट, म्हणजे दीक्षित सेवकच, वाचतात. आपल्यासारख्या सामान्य सभासदांच्या वाट्याला जुना करार आणि पत्रं येतात, पुष्कळदा स्तोत्रही.

वेदीची तयारी करणाऱ्या गटाला ‘ऑल्टर गिल्ड’ म्हणतात. हे काम कोणाच्या नजरेत येत नाही, पण फार श्रद्धेनं केलं जातं. प्रभुभोजनाचा प्याला पुसलेलं वस्त्र धुतल्याचं पहिलं पाणी गटारात सोडत नाहीत, ते थेट मातीत ओततात.

आता परवान्याची कामं. प्रभुभोजनात प्याला देणं, आजारी माणसाच्या घरी प्रभुभोजन नेणं, उपासना चालवणं, प्रवचन करणं, यांसाठी चर्चच्या नियमावलीतल्या तिसऱ्या विभागाचा चौथा कॅनन (नियम) लागू होतो. पात्रता अशी, की तुमचं दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेलं असावं आणि तुम्ही चांगल्या स्थितीतले सभासद असावं. इथे सभासद म्हणजे गेल्या वर्षात किमान तीनदा प्रभुभोजन घेतलेला, आणि 16 वर्षांपुढे तो प्रौढ धरतात. चांगली स्थिती म्हणजे वर्षभर उपासनेला नियमित हजेरी, आणि काम, प्रार्थना व दान यांत निष्ठा. अडचणीमुळे उपासना चुकली तर ती धरत नाहीत.

इथे कागद लागतात, म्हणून निघण्यापूर्वीच गावच्या मंडळीतून बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा दाखला आणि सभासदत्व बदलीचं पत्र घ्या. दृढीकरण कोणी केलं, बिशपनी की पाळकांनी, हे दाखल्यावर स्पष्ट लिहून मागा. जुनी रजिस्टरं मराठीत असतात, तेव्हा इंग्रजी प्रत सही-शिक्क्यासह घ्या. परदेशातून फोनवर हे सगळं मिळवणं किती जड जातं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. वसई किंवा गोव्याकडच्या कॅथलिक कुटुंबांची वाट थोडी वेगळी आहे. बिशपच्या भेटीच्या दिवशी त्यांना रीतसर स्वीकारलं जातं, पण बाप्तिस्मा पुन्हा होत नाही.

परवान्याचा अर्ज तुम्ही थेट बिशपकडे पाठवायचा नसतो. मागणी रेक्टर करतात आणि प्रशिक्षण झालं की परवाना बिशपच्या कार्यालयातून येतो. मुलांबरोबर किंवा घरी खिळलेल्या माणसांबरोबर काम असेल तर सेफ चर्च (सुरक्षिततेचं) प्रशिक्षण आणि पार्श्वभूमी तपासणीही करावी लागते. तिला संशय समजू नका. त्या मुलांसाठी आणि आजाऱ्यांसाठीच ती असते.

परवान्याची मुदत बिशप ठरवतात. संपण्याआधी नूतनीकरणाची आठवण रेक्टरना करून द्या. दुसऱ्या मंडळीत सेवा करायची झाली तर तिथल्या रेक्टरचं बोलावणं आणि तिथल्या बिशपची संमती, दोन्ही लागतात.