तोलाचे खेळ

तोलाचे खेळ : उभे राहताना, चालताना, उडी मारताना किंवा गिरकी घेताना शरीराचा तोल जावा आणि तो मुलाने स्वतःच सावरावा, असे साधारण एक ते सहा वर्षे वयातले घरगुती खेळ. उंबरा ओलांडणे, गादीवरून चालणे, बेडूकउड्या, तळ्यात-मळ्यात, लिंबू-चमचा, भिंगरी, झोपाळा हे त्यांतले नेहमीचे. या सगळ्यांना मिळून मराठीत रूढ असे एक नाव नाही. ‘बाळ दुडूदुडू धावायला लागलं’ एवढ्या वाक्यात घरचे लोक वर्षा-दीड वर्षाची खटपट गुंडाळून टाकतात. या नोंदीत बडोद्यातील मराठी घरे आणि बालवाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत.

तोलाची पहिली खबर कानातून येते. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके कुठे वळले ते सांगतात. शेजारच्या दोन लहान पिशव्यांतील चुन्याचे सूक्ष्म स्फटिक सरळ रेषेतली हालचाल आणि खाली-वर ओळखतात. डोळे, तळपाय, स्नायू आणि सांधे आपापली बातमी देतात आणि लहान मेंदू त्यांचा मेळ घालतो. बाळाची मुख्य अडचण म्हणजे त्याचे डोके. जन्मतः ते शरीराच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, मोठ्या माणसात एक अष्टमांश. इतके वजन वर असल्यावर नुकते चालू लागलेले मूल पाय फाकवून आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलून चालते, यात नवल नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुले पाहून २००६ साली जी मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांत आधाराशिवाय चालण्याचे वय ८.२ ते १७.६ महिने इतके पसरलेले आहे. शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले म्हणून आपल्या घरी काळजी सुरू होते, तिला या आकड्यांत आधार सापडत नाही. मात्र दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, सतत चवड्यांवरच चालत असेल किंवा येत असलेली गोष्ट विसरू लागले असेल, तर बालरोगतज्ज्ञाला दाखवावे. कॅरन अडॉल्फ यांच्या न्यूयॉर्कमधील अभ्यासात (२०१२) बारा ते एकोणीस महिन्यांची मुले खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत आणि १७ वेळा पडत. तासाला सतरा! दोन्ही हात वर धरून बाळाला चालवणाऱ्या हौशी काकांनी हा आकडा लक्षात ठेवावा. तशा चालण्यात तोल काका सांभाळतात, बाळ नुसते पाय हलवते.

पांगुळगाडा आणि हल्लीचा वॉकर यांत म्हणूनच मोठा फरक आहे. तीन चाकांच्या लाकडी पांगुळगाड्याला धरून मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते आणि तो ढकलते. वॉकरमध्ये ते झोळीत बसते, चवड्यांनी रेटा देते आणि त्याला आपली पावलेही दिसत नाहीत. जिन्यावरून कोसळण्याच्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ साली असे वॉकर विकण्यावर बंदी घातली. बडोद्यात पांगुळगाड्याला गुजरातीतली ‘चालणगाडी’ म्हणतात, आणि बाळाच्या पहिल्या पावलांना मराठी आज्याही सर्रास ‘पा पा पगली’ म्हणतात. शहराच्या आग्नेयेला संखेडा गाव आहे. तिथले कारागीर सागवानी लाकडावर तांबूस लाख चढवून, कलईच्या करामतीने सोनेरी भासणारी नक्षी काढून झोपाळे, पाळणे आणि चालणगाड्या करतात. गाडी देखणी असते. पण ती खडबडीत जमिनीसाठी घडलेली आहे. गुळगुळीत टाइल्सवर ती बाळाच्या हातून पुढे निसटते आणि बाळ तोंडावर आपटते. खाली सतरंजी अंथरली की चाके जड होतात आणि गाडी बाळाच्या चालीने चालते.

सगळ्यांत कमी सामानाचा आणि सगळ्यांत अवघड खेळ तळ्यात-मळ्यात. जमिनीवर खडूची एक रेघ ओढायची. एक बाजू तळे, दुसरी मळा. सांगणारा म्हणेल त्या बाजूला दोन्ही पायांनी उडी. खरी गंमत ‘तळ्यात’ दोनदा लागोपाठ म्हटल्यावर. मुलाचे अंग मळ्याकडे कललेले असते, टाचा उचललेल्या असतात आणि आता थांबायचे असते. हात गरगर फिरतात, पोट पुढे येते, एक पाय रेघेवर पडतो. उडीपेक्षा ही न मारलेली उडी जास्त शिकवते. मोठ्यांच्या नियमाप्रमाणे चुकला तो बाद. तीन वर्षांच्या मुलाला बाद करू नये, नाहीतर ज्याला सरावाची सर्वांत गरज तोच ओट्यावर बसून राहतो. दोन्ही पाय जुळवून उडी दोन-अडीच वर्षांच्या सुमारास जमते. एका पायावर क्षणभर उभे राहणे तिसऱ्या वर्षी, एका पायावर उडी चौथ्याच्या आसपास. लंगडीचा डाव त्याच्याही पुढचा. लंगडत दुसऱ्याला पकडायचे म्हणजे दोन कामे एकदम.

रेघेवरून चालणे हा याचाच शांत भाऊ. रोममध्ये १९०७ साली पहिले बालगृह उघडणाऱ्या मारिया मॉन्टेसोरी यांच्या पद्धतीत जमिनीवर लंबवर्तुळ आखून मुलांना त्यावरून चालवतात, आणि पुढे हातात पाण्याचा पेला देतात. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर होत्या, त्यामुळे ही रेघ गुजराती आणि मराठी दोन्ही बालवाड्यांत आली. जुन्या वाड्यांत आखायचीही गरज नसते, शहाबादी फरशीचा सांधा पुरतो. वाटी अर्धी भरून द्यावी. काठोकाठ भरलेली वाटी मूल दोन पावलांत सांडते आणि मग खेळ सांडण्याचाच होतो.

बडोदे हे व्यायामाचे शहर. जुम्मादादांची तालीम १८८० पासूनची. त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी तिला नाव मिळवून दिले. द. चिं. मजुमदार यांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश इथूनच काढला. मोठ्यांच्या कसरतींना अशी शिस्त आणि छापील पाने लाभली. तान्ह्यांची तालीम आजीच्या हाती राहिली. हंसा मेहता कुलगुरू असताना महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञान शाखा सुरू झाली. तिच्या चेतन बालवाडीत मुलांचे वागणे, वाढणे, खेळणे हा अभ्यासाचा विषय आहे.

झोपाळा गुजरातेत घरचे सामान आहे, आणि मराठी घरांनीही तो मनापासून घेतला. संथ झोक्याने मूल शांत होते. भिंगरीने मात्र खुलते आणि मग धडपडते. गिरकी थांबली तरी कानातल्या नलिकांतला द्रव क्षणभर फिरत राहतो, म्हणून मुलाला खोली फिरते आहे असे वाटते. जेवणानंतर लगेच भिंगरी नको, हे आजीला नलिका न शिकताच ठाऊक असते. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून निदान १८० मिनिटे हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते. बडोद्याच्या उन्हाळ्यात त्यातली बरीचशी घरातच होते. ऊन उतरल्यावर कमाटीबाग, म्हणजे १८७९ साली केलेली सयाजीबाग. तिथल्या हिरवळीवर अनवाणी सोडलेले मूल घरच्या फरशीपेक्षा वेगळेच चालते. गुडघे वर उचलते.

नवरात्रात हे सारे खेळ एकत्र येतात. गरब्याच्या मोठ्या रिंगणात लहानग्यांचे छोटे रिंगण असते. दोन ताळी, म्हणजे दोन टाळ्यांचा गरबा, त्यांना साधते. तीन ताळीत टाळी, पाऊल आणि वळण एकाच ठेक्यात बसवायचे असते. चार वर्षांची मुलगी दोन टाळ्या वाजवून वळते आणि तिसरी पाठमोरी वाजवते. घेरदार चणिया (घागरा) पायात येतो, म्हणून आज्या तो घोट्याच्या चार बोटे वर बांधतात.