उत्तर अटलांटिकवरून फेरी फ्लाइट: इंधनाचे थांबे, पात्रता आणि लागणारी कागदपत्रं

अमेरिकेत विकत घेतलेलं छोटं विमान युरोपात, आखातात किंवा भारतात आणायचं तर दोनच मार्ग असतात. एक तर पंख सुटे करून कंटेनरमध्ये घालायचं, नाहीतर कॅनडा, ग्रीनलंड, आइसलंड, स्कॉटलंड असे टप्पे घेत उडवत आणायचं. ही माहिती दुसऱ्या मार्गासाठी, म्हणजे फेरी फ्लाइटसाठी आहे. एक किंवा दोन पिस्टन इंजिनांचं, फारतर छोटं टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनावर प्रोपेलर फिरणारं) विमान घेऊन निघणाऱ्या वैमानिकांसाठी, आणि असं विमान मागवणाऱ्या फ्लाइंग स्कूलच्या कार्यालयात कागद जमवत बसलेल्यांसाठीही.

बहुतेक जण आधी परवानग्यांच्या मागे लागतात आणि इंधनाचं शेवटी बघतात. माझं ठाम म्हणणं आहे की क्रम उलटा हवा. उत्तरेकडच्या विमानतळांवर आपल्या विमानाला चालणारं इंधन हव्या त्या दिवशी मिळेल याची लेखी खात्री झाल्याशिवाय एकही अर्ज भरू नका. कारण अर्जात प्रवासमार्ग लिहावा लागतो, आणि मार्ग ठरतो तो इंधनावर.

मार्ग आणि थांबे

प्रचलित मार्ग गूस बे (लॅब्राडोर), नारसारसुआक (दक्षिण ग्रीनलंड), रेक्याविक आणि विक (स्कॉटलंड) असा आहे. टप्पे अनुक्रमे सुमारे ६७५, ६७० आणि ६४० नॉटिकल मैलांचे (पुढे मैल म्हणजे नॉटिकल मैलच). ज्या विमानाचा पल्ला एवढा नाही त्यांनी उत्तरेकडून जावं: उत्तर कॅनडातल्या इकालुइटहून ग्रीनलंडमधलं कांगरलुस्सुआक सुमारे ४९० मैल, किंवा नूक सुमारे ४४५ मैल. कांगरलुस्सुआकहून हिमपठार ओलांडून कुलुसुक ३४० मैल आणि तिथून रेक्याविक ४०० मैल. टप्पे लहान होतात, पण थांबे वाढतात, आणि प्रत्येक थांब्याबरोबर हवामान, वेळा आणि इंधन यांची नवी जुळवाजुळव करावी लागते. कुलुसुकची धावपट्टी खडीची आणि जेमतेम १,२०० मीटरची आहे. प्रोपेलरला खडी लागण्याची भीती असलेल्यांनी याचा आधीच विचार करावा.

यातले बरेचसे विमानतळ दुसऱ्या महायुद्धात याच कामासाठी, म्हणजे अमेरिकेतून युरोपात विमानं पोचवण्यासाठी बांधले गेले. गूस बे आणि नारसारसुआक १९४१ चे, इकालुइट १९४२ चं. आज मात्र ते मुख्यतः प्रवासी वाहतुकीसाठी चालतात, आणि छोट्या विमानाचं ॲव्हगॅस (पिस्टन इंजिनांचं विमान-पेट्रोल) त्यांच्या हिशेबात अगदी शेवटी येतं.

ग्रीनलंडमधलं चित्रही सध्या बदलतं आहे. नूकची २,२०० मीटरची नवी धावपट्टी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, आणि दक्षिणेत नारसारसुआकचं काम काकोर्तोकच्या नव्या विमानतळाकडे जायचं ठरलं आहे. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या कुणाच्याही अनुभवावर मार्ग आखू नका. चालू एआयपी (देशाची अधिकृत हवाई माहिती पुस्तिका) आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) वाचा, आणि विमानतळाला स्वतः ईमेल करा.

इंधनाची खात्री: ईमेलमध्ये काय विचारायचं

टर्बाइन इंजिनांना लागणारं जेट ए-१ जवळपास सगळीकडे मिळतं. अडचण असते ती ॲव्हगॅसची, म्हणजे १०० एलएल या प्रकाराची. इकालुइटसारख्या ठिकाणी ते टँकरमधून नव्हे, तर २०५ लिटरच्या पिंपातून मिळतं, आणि पिंप फोडलं की पूर्ण पिंपाचे पैसे द्यावे लागतात. तिथला साठा उन्हाळ्यात समुद्रातला बर्फ वितळल्यावर जहाजाने येतो आणि पुढच्या मोसमापर्यंत पुरवायचा असतो. त्यामुळे 'ॲव्हगॅस आहे का' एवढं विचारून भागत नाही. पुढच्या गोष्टी स्पष्ट विचारा: इंधनाचा प्रकार, माझ्या नावाने किती लिटर राखून ठेवता, पिंपातून की पंपातून, पंप व गाळणी तुमची की मी आणू, कोणत्या दिवशी कोणत्या वेळात माणूस हजर असतो, वेळेबाहेर आलो तर जादा आकार किती, आणि पैसे कोणत्या कार्डाने किंवा आगाऊ कसे भरायचे. उत्तर लेखी घ्या आणि छापून विमानात ठेवा. रविवार, स्थानिक सुट्ट्या आणि संध्याकाळनंतरची वेळ यांची चौकशी वेगळी करा. विमानतळ बंद असताना उतरायचं तर उघडून ठेवण्याचा आकार इंधनाच्या बिलापेक्षाही जास्त होऊ शकतो.

पिंपातून इंधन भरताना घाई अजिबात नको. सील शाबूत आहे ना, पिंपावर १०० एलएल असं छापलंय ना, तारीख कोणती, हे आधी बघा. पिंप उघड्यावर उभं ठेवलेलं असेल तर झाकणावर साचलेलं पाणी बुचातून आत झिरपू शकतं. म्हणून पिंप किंचित कलतं ठेवून थोडा वेळ स्थिर राहू द्या आणि पंपाची नळी तळाला टेकवू नका, तळाचं थोडं इंधन सोडून द्या. पिंप, पंप आणि विमान एकमेकांना तारेने जोडा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडणार नाही. पाणी अडवणारी गाळणी स्वतःची ठेवा. भरून झाल्यावर थोडं थांबून प्रत्येक टाकीच्या तळातून नमुना काढा: निळा रंग, खाली पाण्याचा थेंब नाही, वास पेट्रोलसारखा. रंगहीन किंवा पिवळसर द्रव दिसला तर ते जेट इंधन असू शकतं. पिस्टन इंजिनात ते गेलं तर उड्डाणानंतर काही मिनिटांत इंजिन बंद पडेल.

टर्बोप्रॉपवाल्यांसाठी एकच सूचना. तुमच्या हस्तपुस्तिकेत बर्फरोधक मिश्रण सक्तीचं असेल तर ते तिथे मिळेलच असं धरू नका, डबे सोबत न्या. जेट ए उणे ४० अंशांना गोठू लागतं, जेट ए-१ उणे ४७ ला; मिश्रण लागतं ते इंधनातल्या पाण्यासाठी.

पात्रता

कॅनडातून महासागरावर निघणाऱ्या एक इंजिनी विमानाला कॅनेडियन एव्हिएशन रेग्युलेशन्सचं कलम ६०२.३९ लागू होतं. एक इंजिन बंद पडल्यावर उंची राखू न शकणाऱ्या दुहेरी इंजिनी विमानालाही तेच. त्यानुसार वैमानिकाकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडण्याची पात्रता) हवं. विमानात इन्स्ट्रुमेंट उड्डाणाची पूर्ण सामग्री, किमान दोन आंतरराष्ट्रीय वारंवारतांवर बोलता-ऐकता येईल असा एचएफ (लांब पल्ल्याचा) रेडिओ आणि विमानातल्या प्रत्येक माणसासाठी थंडीपासून बचावाची सोय हवी. शिवाय नेहमीच्या नियमाप्रमाणे लागणाऱ्या इंधनावर, गंतव्यापर्यंतच्या इंधनाच्या किमान १० टक्के जादा साठा लागतो.

आता हे आकड्यांत बघू. विमानाचा हवेतला वेग १४० नॉट (ताशी नॉटिकल मैल) आणि गूस बेहून जाताना पाठीमागून २० नॉटचा वारा. ६७५ मैलांना १६० नॉटने ४ तास १३ मिनिटं लागतील. नारसारसुआक बंद झालं तर पर्याय नूक, सुमारे २५० मैल, म्हणजे वारा न धरता १४० नॉटने १ तास ४७ मिनिटं. त्यावर ४५ मिनिटांचा राखीव साठा आणि दहा टक्क्यांची २५ मिनिटं. बेरीज ७ तास १० मिनिटं होते. समजा विमानात ७ तास ४५ मिनिटांचं इंधन आहे. त्यातली ४५ मिनिटं बाजूला ठेवली तर ७ तास उरतात. परतताना वारा समोरून, वेग १२० नॉट. तर ७ गुणिले १२० भागिले २८० (१६० अधिक १२०), म्हणजे बरोबर ३ तास. तीन तासांनी, ४८० मैलांवर, गूस बेला परत फिरण्याची शेवटची संधी संपते, आणि तेव्हा नारसारसुआक अजून १९५ मैल लांब असतं. म्हणून ताज्या हवामानाची विचारणा अडीच तासांनी करायची, साडेतीन तासांनी नव्हे. फ्योर्डच्या (डोंगरांमधल्या अरुंद खाडीच्या) टोकाशी असलेल्या नारसारसुआकवर डोंगरावरून उतरणारा फॉन वारा सुटला की परिस्थिती पाहता पाहता पालटते.

परवान्याचाही एक पेच आहे आणि आपल्याकडचे वैमानिक त्यात हमखास अडकतात. विमान अमेरिकन नोंदणीचं असेल तर या मार्गाने ते उडवायला अमेरिकन परवाना लागतो. भारतीय सीपीएलच्या (कमर्शियल वैमानिक परवान्याच्या) आधारे अमेरिकन हवाई नियमांच्या कलम ६१.७५ खाली अमेरिकेचा परवाना मिळतो, पण तो प्रायव्हेट दर्जाचा असतो. पैसे घेऊन विमान पोचवायचं असेल तर त्यावर चालत नाही, अमेरिकन कमर्शियल परवानाच हवा.

कागदपत्रं

शिकागो कराराच्या कलम २९ नुसार आंतरराष्ट्रीय उड्डाणात नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, वैमानिकांचे परवाने, जर्नी लॉगबुक आणि रेडिओ असेल तर त्याचा परवाना बाळगावा लागतो. प्रवासी किंवा माल असेल तर त्यांची यादीही. यातला रेडिओ परवाना सर्वाधिक विसरला जातो, कारण अमेरिकेच्या आत तो लागत नाही. बाहेर पडताना विमानाचा रेडिओ स्टेशन परवाना आणि वैमानिकाचं रेडिओटेलिफोन परमिट, दोन्ही एफसीसीकडून (अमेरिकेचा दूरसंचार आयोग) काढून ठेवा.

जादा टाक्या बसवून प्रमाणित कमाल वजनापेक्षा जड विमान उडवायचं असेल तर एफएएकडून (अमेरिकेचं विमान वाहतूक प्राधिकरण) स्पेशल फ्लाइट परमिट घ्यावं लागतं. अर्ज फॉर्म ८१३०-६ वर. त्यात हेतू, नियोजित मार्ग, कर्मचारी आणि विमान कोणत्या बाबतीत नियमात बसत नाही हे लिहायचं. टाक्यांच्या जोडणीची नोंद फॉर्म ३३७ वर. जादा वजनाला मंजुरी मिळते ती फक्त जादा इंधन, त्याच्या टाक्या आणि दिशादर्शक उपकरणांपुरती. सामानाची पेटी त्यात बसत नाही. आणि हे परमिट फक्त अमेरिकेचं आहे. कॅनडा, डेन्मार्क (ग्रीनलंडसाठी), आइसलंड आणि ब्रिटन या प्रत्येकाच्या विमान वाहतूक प्राधिकरणाकडून वेगळी परवानगी मागावी लागते, आणि ती हाती आल्याशिवाय त्या देशाच्या हद्दीत शिरायचं नाही. सगळे अर्ज एकाच आठवड्यात पाठवा, म्हणजे एकाची मुदत संपून दुसऱ्याची वाट पाहायची वेळ येणार नाही.

विम्याच्या पत्रात ग्रीनलंड आणि उत्तर अटलांटिक यांचा स्पष्ट उल्लेख हवा, शोध व बचावाच्या खर्चासह. ४०६ मेगाहर्ट्झच्या ईएलटीची (अपघातात संकटसंदेश पाठवणाऱ्या यंत्राची) नोंदणी विमानाच्या सध्याच्या चिन्हावर आहे का तेही तपासा, कारण जुन्या मालकाचा फोन नंबर तिथे राहिला तर बचाव पथक त्यालाच फोन करत बसेल. इमर्शन सूट (थंड पाण्यात जीव वाचवणारा पोशाख) आपल्या मापाचा, अंगात घालून बघितलेला असावा. तो मागच्या सीटवर घडी करून ठेवायचा नसतो, कमरेपर्यंत चढवूनच उडायचं असतं.

अमेरिकेतून निघताना ईएपीआयएसवर (अमेरिकी सीमा विभागाच्या ऑनलाइन प्रणालीवर) प्रस्थानाची माहिती किमान एक तास आधी भरावी लागते. कॅनडात शिरण्यापूर्वी तिथल्या सीमा सेवेला फोन करावा लागतो, २ ते ४८ तास आधी.

भारतीय पासपोर्ट असेल तर

आइसलंड शेंगेनमध्ये आहे, ग्रीनलंड नाही. नेहमीच्या शेंगेन व्हिसावर ग्रीनलंडमध्ये उतरता येत नाही. व्हिसावर ग्रीनलंडसाठी वैध असल्याचा शेरा लागतो, आणि तो डेन्मार्कच्या दूतावासाकडे वेगळा मागावा लागतो. इंधनासाठी तासभरच थांबणार असलात तरी हवामान रोखून धरेल आणि रात्र तिथे काढावी लागेल, असं गृहीत धरून अर्ज करा. कॅनडा आणि ब्रिटनचे व्हिसा याशिवाय. क्रू म्हणून सवलत मिळेल असं कुणी सांगितलं तर ते संबंधित दूतावासाकडून लेखी घ्या.

विमान पुढे भारतात आणायचं असेल तर परदेशी नोंदणीवर येताना डीजीसीएची (भारताचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) उतरण्याची मंजुरी आधी हातात हवी. विमान कायमचं विकलं गेलं असेल तर एफएएचं निर्यात उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ८१३०-४, निघण्यापूर्वीच घ्या. ते मागाहून मिळवायला फार यातायात पडते. ॲव्हगॅसचा प्रश्न उत्तर अटलांटिकबरोबर संपत नाही. भूमध्य समुद्राकडून आखातात उतरताना प्रत्येक थांब्याला हाच ईमेल पुन्हा पाठवा. भारतात इंडियन ऑइल २०२२ पासून वडोदऱ्यात १०० एलएल बनवतं, पण प्रत्येक विमानतळावर ते ठेवलेलं नसतं. म्हणून पहिला भारतीय थांबा निवडताना कस्टम्सची सोय आणि ॲव्हगॅस दोन्ही एकाच ठिकाणी आहेत का, हे विमान घेणाऱ्या संस्थेने आधी विचारून घ्यावं. कस्टम्स एकीकडे आणि इंधन दुसरीकडे असेल, तर शेवटच्या परदेशी थांब्यावरून निघताना त्या पुढच्या टप्प्याचंही इंधन टाकीत असायला हवं, आणि तेवढं वजन परमिटमध्ये आधीच लिहिलेलं हवं.